प्लॅन दोनशेचा, माजघरात अठरा

मागच्या आषाढात आमच्या घरात एक वाक्य दिवसातून दहादा ऐकू यायचं: "नेट गेलं का गं?" सासरे माडीवरून विचारायचे, लेक स्वयंपाकघरातून ओरडायची, आणि मी माजघरात लॅपटॉपसमोर कपाळाला हात लावून बसलेली असायचे. मी पुण्यातल्या एका सीएंच्या ऑफिसचं काम साताऱ्यातून करते. महिन्याच्या २० तारखेच्या आत जीएसटीची रिटर्नं भरायची असतात, आणि नेमकी १९ तारखेला ऑफिसच्या कॉम्प्युटरवरची टॅली माझ्या स्क्रीनवर अडकून बसायची. एण्टर दाबलं की आकडा उमटायला तीन-चार सेकंद. चुकून दोनदा दाबलं की एंट्री दोनदा.

नेट मात्र गेलेलं नसायचं. ओटीवरच्या फायबरच्या डब्यावर सगळे दिवे हिरवेगार. मग मी तेच केलं जे सगळे करतात. कंपनीला फोन लावला आणि १०० एमबीपीएसचा प्लॅन बदलून २०० चा घेतला. दर महिन्याला काहीशे रुपये जास्त, त्यावर १८ टक्के जीएसटी, तो तर मला झोपेतही पाठ. दुसऱ्या दिवशी माजघरात स्पीड टेस्ट लावली. १८. आदल्या दिवशीही १८ च होते.

तक्रार केली. दोन दिवसांनी एक मुलगा आला, पाठीला सॅक, पायात भिजलेल्या चपला. मी तावातावाने माजघरातला १८ चा आकडा दाखवला. तो काही बोलला नाही. ओटीवर गेला, त्यांच्या डब्यातून माझ्या राउटरला जाणारी वायर काढली, स्वतःच्या लॅपटॉपला लावली आणि टेस्ट दाबली. २०४.

"बघा ताई, आमच्याकडून पूर्ण येतंय. पुढचं तुमचं."

राग आला खरा. पण बरोबर होतं त्याचं.

साताऱ्यात राहणाऱ्याला हे कळायला जड जाऊ नये. आमच्याकडे कासचं पाणी येतं. कासच्या धरणाची उंची वाढवली तेव्हा घरोघरी आनंद. आमच्या मोरीतल्या नळाची धार मात्र होती तेवढीच, करंगळीएवढी. शेवटी प्लंबरने भिंतीतला जुना लोखंडी पाइप कापून हातात दिला. अर्ध्या इंचाचा पाइप, आत गंज आणि क्षार साचून जेमतेम पेन्सिल जाईल एवढं भोक. धरण कितीही उंच करा, त्या भोकातून येणार तेवढंच येणार.

इंटरनेटचा वेग म्हणजे रस्त्यावरून उंबऱ्यापर्यंत येणारं पाणी. त्याचे पैसे कंपनी घेते. वायफायचा वेग म्हणजे उंबऱ्यापासून तुमच्या हातातल्या फोनपर्यंतचा पाइप. तो तुमचा. या दोन्हींत जो बारीक असेल तेवढंच तुमच्या वाट्याला येतं, आणि स्पीड टेस्ट दोन्ही मिळून एकच आकडा दाखवते. कुठे अडलंय हे ती सांगत नाही. ते आपण शोधायचं असतं, आणि ते शोधायला इंजिनिअर लागत नाही. मी बी.कॉम. आहे. एक वही, एक वायर आणि रविवारची दुपार एवढं पुरलं.

मोजायच्या आधी आठाचा पाढा

प्लॅनमधलं "एमबीपीएस" म्हणजे सेकंदाला मेगाबिट. कॉम्प्युटरवर फाइल उतरताना दिसतं ते मेगाबाइट. एका बाइटमध्ये ८ बिट. म्हणजे १०० चा प्लॅन असेल तर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबीने उतरेल, प्रत्यक्षात ११ च्या आसपास. माझ्या जाऊबाई वर्षभर म्हणत होत्या की शंभराचे पैसे घेतात आणि अकराच देतात. त्यांना बरोब्बर पूर्ण वेग मिळत होता.

दुसरं, जाहिरातीत "पर्यंत" हा शब्द असतो तो वाचा. सरकारी व्याख्येत २०२३ पासून डाउनलोडला किमान २ एमबीपीएस मिळाले की त्याला ब्रॉडबँड म्हणतात. त्याआधी ५१२ केबीपीएसवरही ते नाव चालायचं. पहिल्या दिवशी आमच्या पडवीत ३ मिळत होते. म्हणजे पडवीही कायद्याने ब्रॉडबँडच.

आणि बऱ्याच प्लॅनमध्ये महिन्याची मर्यादा असते, तेवढा डेटा संपला की वेग खाली आणतात. महिनाअखेरीलाच नेट रडत असेल तर आधी कंपनीच्या ॲपमध्ये किती वापर झालाय ते बघा, पुढचं सगळं वाचायची गरजच पडणार नाही.

तारेने मोजा, मग बोला

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि नेमका हाच कुणी करत नाही. सगळे फोन हातात घेऊन पलंगावर पडल्या पडल्या स्पीड टेस्ट लावतात.

लॅपटॉपला लॅनची वायर लावायची आणि तिचं दुसरं टोक कंपनीच्या डब्यात. मध्ये तुमचा राउटर नको. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, नाहीतर वायर लावूनही तो हवेतूनच मोजत बसेल. घरातले बाकीचे फोन, टीव्ही, सगळ्यांना दहा मिनिटं उपास. नव्या लॅपटॉपना लॅनचं भोकच नसतं, त्यांच्यासाठी यूएसबीला लावायचं छोटं अडॅप्टर मिळतं; घेताना त्यावर "गिगाबिट" (म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिट) आणि "यूएसबी ३" लिहिलेलं बघून घ्या. स्वस्तातलं १०० वालं घेतलंत तर दोनशेच्या प्लॅनवरही ९४ च दिसतील आणि तुम्ही बिचाऱ्या कंपनीवर पुन्हा चिडाल.

ऑफिसचं व्हीपीएन बंद करा. हे मी विसरले होते. पहिल्यांदा वायर लावून मोजलं तेव्हा २३ आले आणि मी त्या मुलाला फोन लावायला निघाले होते. व्हीपीएन चालू असलं की सगळा डेटा आधी पुण्याच्या ऑफिसला जाऊन मग जगात जातो, म्हणजे मी ऑफिसचं नेट मोजत होते.

टेस्ट तीन वेळा करा: सकाळी, दुपारी, आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास, सगळी गल्ली वेबसिरीज लावते तेव्हा. फायबरची एक लाइन बऱ्याच घरांत वाटलेली असते. सकाळी २०० आणि रात्री ६० येत असतील तर तुमची तक्रार खरी आहे, आणि ती वायरवरच्या आकड्यानिशी करा. दोन वेगळ्या टेस्ट लावून बघा, कारण काही टेस्ट कंपनीच्याच जवळच्या सर्व्हरशी बोलतात आणि आकडा गोड येतो. फास्ट डॉट कॉम ही नेटफ्लिक्सची आहे, ती त्यांच्या सर्व्हरवरून मोजते. ट्रायचं, म्हणजे सरकारी दूरसंचार नियामकाचं, मायस्पीड ॲपही आहे.

माझे वायरवरचे आकडे तिन्ही वेळेला १९५ च्या वर आले. कंपनी सुटली. आता पाळी माझ्या राउटरची.

तीच वायर डब्यातून काढून माझ्या राउटरला लावली. तोच लॅपटॉप, तीच वायर, मध्ये फक्त राउटर. ९४.

हा ९४ आकडा लक्षात ठेवा. ९३, ९४, ९५ असं काहीतरी पुन्हा पुन्हा यायला लागलं की समजायचं, कुठेतरी १०० चं भोक बसलंय. माझा राउटर २०१७ चा. खोक्यावर मोठ्या अक्षरात १२०० लिहिलेलं, पण मागची वायरची भोकं १०० एमबीपीएसची. त्यातले पाच-सहा टक्के डेटाच्या बांधाबांधीतच जातात, उरतात ९४. या राउटरवर मी पाचशेचा प्लॅन घेतला असता तरी ९४ च. आणि ते १२०० म्हणजे काय? राउटर दोन वेगळ्या पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ गिगाहर्ट्झचे ३०० अधिक ५ गिगाहर्ट्झचे ८६७, आणि वरून गोळाबेरीज. कुठलाही एक फोन एका वेळी दोन्हींवर मिळून १२०० घेत नाही. बाजारातल्या बहुतेक राउटरच्या खोक्यांवर अशीच बेरीज असते, म्हणून खोक्यावरचा मोठा आकडा वाचायचाच नाही. मागे बारीक अक्षरात "गिगाबिट पोर्ट" लिहिलंय का ते वाचायचं.

वही आणि खोल्या

आमचं घर यादोगोपाळ पेठेतलं जुनं. पुढे ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागे पडवी, माजघरावर माडी. भिंती दीड फूट, दगड आणि माती. वहीत एकेका खोलीचं नाव लिहून त्यापुढे तीन-तीन वेळा मोजून मधला आकडा टाकला. ओटी ८८. माजघर १८. स्वयंपाकघर ११. माडी ९. पडवी ३.

ओटीतून एक भिंत ओलांडली की ८८ चे १८ होतात हे मला खटकलं. भिंत खाते हे ठाऊक होतं. पण इतकं?

इथे मला एक गोष्ट सापडली जी आधी कुणी सांगितली नव्हती. अँड्रॉइड फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये आपल्या नेटवर्कच्या नावावर टिचकी मारली की "लिंक स्पीड" दिसतो. विंडोजवरही वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसतो. हा इंटरनेटचा वेग नव्हे. फोन आणि राउटर यांनी आपसात ठरवलेला हा वेग, म्हणजे पाइपची जाडी. प्रत्यक्षात हातात येतं ते याच्या निम्मं, फार तर दोन तृतीयांश, कारण हवेत एका वेळी एकालाच बोलता येतं आणि प्रत्येक वाक्यानंतर "पोचलं" अशी पावतीही द्यावी लागते.

माजघरात लिंक स्पीड होता ५४. राउटरच्या अगदी शेजारी फोन धरला, २.४ गिगाहर्ट्झवर, तरी ५४. माडीवर कमी, पण ५४ च्या वर कुठेच नाही. रेंजचे चारही दांडे भरलेले आणि आकडा ५४ लाच अडलेला. हिशेबाच्या माणसाला असा गोल न होणारा, न हलणारा आकडा दिसला की शंका येते.

राउटरच्या आत शिरले. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचं, तुमच्या राउटरचा पत्ता आणि पासवर्ड त्याच्या बुडाला चिकटवलेला असतो. वायरलेस सिक्युरिटीमध्ये बघते तर "डब्ल्यूपीए, टीकेआयपी". सात वर्षांपूर्वी ज्याने राउटर बसवला त्याने बहुधा तेव्हाच्या एखाद्या जुन्या लॅपटॉपसाठी ते ठेवलं असावं. ही जुनी कुलूपपद्धत ठेवली की वायफायला नवा वेग वापरताच येत नाही, नियमच तसा आहे, ते जुन्या ५४ वरच चालतं. ५ गिगाहर्ट्झचं सेटिंग वेगळं होतं म्हणून ओटीवर सगळं छान दिसायचं. मी "डब्ल्यूपीए२, एईएस" निवडलं आणि सेव्ह दाबलं. घरभर सगळ्यांचं नेट गेलं, दोन मिनिटांनी परत आलं.

माजघर ४१. स्वयंपाकघर २६. माडी १९. पडवी ७.

एक रुपया खर्च नाही. वरच्या प्लॅनसाठी दोन महिने मी जास्तीचे पैसे भरले होते. तुमच्याकडे हेच निघेल असं नाही, पण फोनमधला लिंक स्पीड ५४ वर खिळलेला दिसला तर आधी हेच बघा.

राउटर कुठे ठेवलाय?

आमचा ओटीवरच्या कोनाड्यात होता. पूर्वी तिथे पणती असायची. दिसायला सुंदर, तीन बाजूंनी दगड, आणि शेजारी लोखंडी कपाट. लोखंड म्हणजे वायफायला सरळ आडवी भिंत, आरसासुद्धा तसाच. पाणीही लाटा पितं. पाण्याची टाकी, मत्स्यपेटी, आणि पावसाळ्यात भिजलेली मातीची भिंत. आषाढातच आमच्याकडे जास्त रड का होती याचं थोडं उत्तर तिथेही असावं. राउटर कोनाड्यातून काढून तुळईखाली उंचावर, माजघराच्या दाराच्या रेषेत टांगला. दार उघडं असलं की माजघरात ५२.

२.४ आणि ५ मधला फरक थोडक्यात: २.४ लांब जातं, भिंतीतून जास्त जातं, पण गर्दीचं आणि हळू. शेजारपाजारच्या सगळ्यांचे राउटर, ब्लूटूथ, शिवाय चालू मायक्रोवेव्ह, सगळे तिथेच. ५ वेगवान, पण आमच्या दगडी भिंतीपुढे दम तोडतं. दोन्हींना वेगळी नावं द्या निदान मोजेपर्यंत, म्हणजे फोन कशाला चिकटलाय ते कळतं.

२.४ मध्ये आपल्याकडे १३ चॅनल दिसतात, पण ती एकमेकांवर चढलेली असतात. १, ६ आणि ११ एवढीच काय ती सुटी. फोनवर वायफाय ॲनालायझर लावून बघितलं तर आमच्या गल्लीत ६ वर नऊ जण आणि ११ वर दोघं. मी ११ घेतलं, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली. ४० ठेवली तर वेग दुप्पट दिसतो, पण दाट वस्तीत तो दोन खुर्च्या अडवून बसल्यासारखा प्रकार आहे, भांडणंच जास्त. ४ किंवा ९ असलं मधलं चॅनल घेऊन हुशारी करू नका, दोन्हीकडची गर्दी अंगावर येते.

आता ती पाइपची उपमा जिथे फसते ते सांगते. पाइपातून पाणी सगळ्या नळांना एकदम जातं. वायफाय म्हणजे पंगतीत एकच वाढपी. तो एका वेळी एकाच पानात वाढतो. पडवीत सासऱ्यांचा जुना फोन, रेंज अर्धा दांडा, तो प्रत्येक घास सावकाश घेणार, दोनदा मागणार. तेवढा वेळ वाढपी तिथे उभा, आणि माजघरातलं माझं पान रिकामं. म्हणून घरातल्या एका लांबच्या, जुन्या फोनमुळे जवळच्या नव्या लॅपटॉपचाही वेग पडतो. इंटरनेट त्या वेळी मोकळं असतं.

माझी टॅली अडकायची ती खरं तर यामुळेच. रिमोट कामाला वेग फार लागत नाही, लागतो तो हजरजबाबीपणा. तो मोजायला कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग लिहायचं आणि पुढे राउटरचाच पत्ता. गूगलला पिंग करू नका, राउटरला करा, म्हणजे फक्त घरातला रस्ता तपासला जातो. चांगल्या वायफायवर उत्तर १ ते ५ मिलिसेकंदांत येतं. माझं ३, ४, ३, १८०, ४, ३१०, आणि मग "रिक्वेस्ट टाइम्ड आउट". राउटर माझ्यापासून पंधरा फुटांवर आणि त्याचं उत्तर हरवतंय! ज्या दिवशी हे बघितलं त्या दिवशी कंपनीला फोन करणं सोडलं.

रिपीटर घेतला आणि पस्तावले

मधल्या काळात मी एक चूक केली. प्लगमध्ये खोचायचा रिपीटर घेतला. माजघरात लावला. माडीवर रेंजचे दांडे भरले, सासरे खूश. वेग मोजला तर १६, आधीपेक्षा कमी. स्वस्तातला रिपीटर ज्या कानाने ऐकतो त्याच तोंडाने बोलतो, प्रत्येक वाक्य हवेतून दोनदा जातं, म्हणून वेग निम्मा होतो. दांडे म्हणजे आवाज किती मोठा येतोय तेवढंच. काय बोललं जातंय ते दांड्यांवरून कळत नाही. तो रिपीटर आता ननंदेकडे आहे. त्यांच्या फ्लॅटमध्ये चालतो म्हणे.

दगडी घराला इलाज तारच. भिंतीपलीकडे वायर न्यायची आणि तिच्या टोकाला दुसरा वायफाय लावायचा. २२ मीटर कॅट सिक्स वायर आणली, आणि गिगाबिट पोर्टवाला नवा वायफाय ६ चा राउटर. नवा ओटीवर, २०१७ चा जुना माजघरात जिन्यापाशी, असा बेत. बेत चुकीचा होता, जुन्याचं तेच १०० चं भोक. म्हणून उलटं केलं: नवा माजघरात, कारण काम तिथे आहे, ओटीवर कंपनीच्या डब्याचंच वायफाय चालू केलं, आणि जुना राउटर माळ्यावर. माजघरातल्या राउटरला "ॲक्सेस पॉइंट मोड" मध्ये टाकायला विसरू नका. नाहीतर घरात दोन राउटर दोन वेगवेगळे संसार थाटतात, आणि माडीवरच्या फोनला ओटीवरचा प्रिंटर दिसत नाही. दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड एकच ठेवला.

भिंतीला भोक पाडायला सासऱ्यांचा विरोध होता. ड्रिल लावल्यावर भोकातून अर्धा किलो माती खाली आली, तेव्हा ते काही न बोलता बाहेर फिरायला निघून गेले. शेवटी तुळईच्या बाजूला जुन्या लाइटच्या वायरिंगचं भोक सापडलं, त्यातून वायर ओढली.

वायर लावली, मोजलं, आणि ९४!

नवा राउटर गिगाबिट, डबा गिगाबिट, लॅपटॉप गिगाबिट. मग उरली वायर. तिची टोकं मीच व्हिडिओ बघून क्रिम्प केली होती, म्हणजे टोकांना कनेक्टर दाबून बसवले होते. आतले आठ धागे एका ठरलेल्या क्रमाने बसवायचे असतात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. गंमत अशी की १०० च्या वेगाला आठांपैकी चारच लागतात: पहिला, दुसरा, तिसरा, सहावा. गिगाबिटला आठही. म्हणजे तपकिरी जोडीतला एक धागा नीट बसला नसेल तरी नेट अगदी व्यवस्थित चालतं, फक्त १०० वर येतं, आणि कुणी काही तक्रार करत नाही. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून टेस्टर आणला. एकामागून एक दिवे लागत गेले आणि सातवा लागलाच नाही. टोक कापलं, धागे नखाने सरळ केले, कनेक्टरच्या समोरून आठही तांब्याची टोकं पारदर्शक प्लास्टिकला टेकलेली दिसतायत ना हे बॅटरी मारून बघितलं, मग क्रिम्पर दाबला. आठ दिवे. लॅपटॉपवर १ गिगाबिट. टेस्ट २०१.

माजघरात आता ५ गिगाहर्ट्झवर लॅपटॉपचा लिंक स्पीड ८६६, आणि वायफायवरही स्पीड टेस्ट २०० च्या आसपास. पहिल्यांदाच घरातला पाइप बाहेरच्या पाण्यापेक्षा जाड झाला. पिंग ३, ३, २, ४, ३.

या जाडीचा उपयोग इंटरनेटला किती होतो? खरं सांगायचं तर फारसा नाही. तो होतो घरातल्या घरात. दिराच्या लग्नाचा व्हिडिओ १८ जीबी, माझ्या लॅपटॉपवरून ओटीवरच्या कॉम्प्युटरवर टाकायचा होता. हा डेटा रस्त्यावर जातच नाही, त्यामुळे प्लॅन ३० चा असो की ३००चा, फरक शून्य. जुन्या १८ च्या वायफायवर त्याला सव्वादोन तास लागले असते. १०० च्या भोकातून २६-२७ मिनिटं. गिगाबिट वायरवर तीन मिनिटांच्या आसपास लागली, कारण आता हार्डडिस्कच मागे पडायला लागली. दोन्ही टोकं वायफायवर असतील तर मात्र वेग पुन्हा निम्मा, तोच डेटा हवेतून दोनदा जातो. निदान एक टोक वायरला ठेवा. आणि नेट बंद असतानाही ही कॉपी चालते. चालली तर घरचा पाइप ठीक आहे हे तपासायचा हा सोपा मार्गच आहे.

मग एका संध्याकाळी हिशेब मांडला. नेटफ्लिक्स फोरकेला १५ एमबीपीएस सांगतं, फुल एचडीला ५. लेकीचा ऑनलाइन क्लास ३-४. माझं रिमोट काम १-२. सासऱ्यांचं यूट्यूब ५. सगळे एकदम बसले तरी ३० च्या आत. अपलोडही १०० च्या प्लॅनमध्ये पुरेसं मिळत होतं; ते मात्र बघून घ्या, व्हिडिओ कॉलवर तुमचं तोंड समोरच्याला अडकलेलं दिसत असेल तर अपलोड बघायचं असतं.

कंपनीला फोन करून परत १०० वर आले. पलीकडची मुलगी कारण विचारत होती, काही तक्रार आहे का मॅडम. नाही म्हटलं.

पडवीत अजूनही ७ च येतात. दुपारी सासरे तिथे झोपाळ्यावर बसून कीर्तन लावतात. चित्र मधेच अडकतं, आवाज चालू राहतो. तिकडेही एक वायर ओढू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, ऐकू येतंय तेवढं पुरे, भिंतीला आता आणखी भोक नको.